प्रतिलिपी अलकाताईंना

अच्युतराव पांढरीपांडे यांचं एक ठाम मत होतं. पत्र नीट लिहिलं, की उत्तर येतंच. न येऊन सांगतं कुणाला? वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, ते मुलाला शेतीवाडी नाही, पण मसुदा लिहायची हातोटी देऊन गेले. त्या हातोटीवर अच्युतरावांनी आयुष्यभर कागद हलवले. त्यामुळे निवृत्तीनंतर आनंद नगरातल्या एका कोचिंग क्लासने कॉमर्सच्या पोरांना व्यावसायिक पत्रलेखन शिकवायला बोलावलं, तेव्हा आमचे साहेब चक्क नवा सदरा शिवून गेले.

पोरं तशी गुणी होती. फक्त रजेचा अर्ज म्हणजे मोबाइलवर ‘सर, नहीं आ पाऊंगा’ आणि पुढे जोडलेले हात, एवढाच त्यांचा समज होता. अच्युतरावांनी थेट तक्रारीच्या पत्रालाच हात घातला.

आता तक्रार करायची कुणाकडे? एखादी कंपनी मनाने रचता आली असती. पण फळ्यासमोर उभं राहिलं, की माणसाला घरचंच आठवतं. त्यांनी लिहून दिलं: ‘रत्नप्रभा गृहउद्योग, अवधपुरी. विषय: चकल्या सादळलेल्या निघाल्याबाबत.’ रत्नप्रभाबाई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आणि गृहउद्योग म्हणजे त्यांचंच स्वयंपाकघर. पत्रं खरोखर पोस्टात टाकायची, ती घरी येतील, आपण निवांत तपासू, असा सगळा बेत. तो घरी सांगायचा मात्र राहून गेला.

मग त्यांनी पोरांना गुरुमंत्र दिला. मोघम तक्रारीला कुणी भीक घालत नाही, तेव्हा भरपूर तपशील द्या. आणि समोरचा ज्याला वचकून असतो, त्याला प्रतिलिपी. म्हणजे पत्राची एक प्रत. त्याशिवाय पत्राला वजन येत नाही.

पल्लवी नावाची चुणचुणीत मुलगी उठली. तिची आई मराठी मंडळात जायची. “मग सर, मंडळाच्या अलकाताईंना टाकू ना? दिवाळीची ऑर्डर तर त्याच देतात.”

“शाब्बास,” सर म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. अच्युतरावांच्या कचेरीत प्रतिलिपी लिहायची पद्धत होती; पाठवायची नव्हे. पत्राखाली चार साहेबांची नावं दिसली की वाचणारा दचकायचा, काम व्हायचं, आणि त्या प्रती टेबलाच्या खणात म्हाताऱ्या व्हायच्या. पण पोरांना हे कोण सांगणार? त्यांनी इमानेइतबारे प्रती काढल्या, तिकिटं लावली आणि टाकल्या पेटीत.

इकडे रत्नप्रभाबाईंना मंडळाच्या फराळाची ऑर्डर यंदा पहिल्यांदाच मिळाली होती. भाजणी दळून आणली होती, तेलाचे डबे भरले होते आणि नागपूरच्या जावेला फोन करून, सहज म्हणून, दोनदा कळवलंही होतं. केवढा आनंद झाला होता बाईंना!

अच्युतराव बिट्टन मार्केटमधून भाजी घेऊन परतले, तर घरात गॅस बंद, सोऱ्या आडवा पडलेला, आणि बाई पत्रांच्या ढिगापुढे डोळे पुसत बसलेल्या. एकाच्या आजोबांची कवळी चकलीत रुतून बसली होती. एकीचं ठरलेलं लग्न पाहुण्यांपुढे चकल्या ठेवल्यामुळे मोडलं होतं. एकाच्या कुत्र्याने तर नुसत्या वासाने तोंड फिरवलं होतं.

आणि आमच्या साहेबांनी काय करावं? वरचंच पत्र उचललं, चष्मा लावला आणि खूश होऊन म्हणाले, “वा, मायना काय सुरेख जमलाय. विषयाखाली रेघ तेवढी राहिली.” असं म्हणून त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

बाईंनी पदर खाली केला. “अहो, तुम्हाला ठाऊक होती ही पत्रं?”

मग सगळं सांगावंच लागलं. बाईंच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं, आणि ते अच्युतरावांना रडण्यापेक्षा जड गेलं. तेवढ्यात अलकाताईंचा फोन. मंडळात तक्रारींचा पाऊस पडलाय, ऑर्डर तूर्त थांबवली आहे. अहो, तो वर्गातला सराव होता, असं अच्युतरावांनी परोपरीने सांगितलं.

“भाऊजी, मंडळाचे सचिव असताना नियम तुम्हीच केलात ना?” अलकाताई म्हणाल्या. “लेखी आलेलं लेखीच मागे घ्यायचं. तोंडी चालत नाही.”

साहेबांनी कपाळाला हात लावत फोन ठेवला. रत्नप्रभाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “माझी ऑर्डर गेली, तर या घरात फराळ होणार नाही. तुम्ही खुशाल फळा खा.”

दुसऱ्या दिवशी अच्युतरावांनी वर्गाला जवळजवळ हात जोडले. तक्रार मागे घेतल्याचं पत्र लिहा, बाळांनो. पल्लवी पुन्हा उठली. “लिहितो सर, पण आम्ही चकली चाखलीच कुठे? तपशिलाशिवाय लिहायचं नाही, असं तुम्हीच तर सांगितलंय.”

स्वतःचाच नियम तो, मोडणार कसा? बाईंनी दात-ओठ खात घाणे तळले आणि साहेब स्कूटरवर डबे लादून वर्गात पोचले. पोरांनी डब्याच्या तळाचा चुराही सोडला नाही. मग जी पत्रं आली, त्यांत आजोबा कवळी सांभाळत दुसरी चकली मागत होते, मोडलेलं लग्न पुन्हा जुळलं होतं आणि कुत्रं दारातून हलायला तयार नव्हतं. या खेपेला प्रतिलिप्या अच्युतरावांनी स्वतः अलकाताईंच्या हातात नेऊन दिल्या. ऑर्डर परत मिळाली, आणि थोडी वाढूनच मिळाली. बाईंचा चेहरा उजळला. साहेबांच्या जिवात जीव आला.

पण तयार चकल्या तर वर्गाने फस्त केल्या होत्या. सगळं पुन्हा करायचं, आणि आता सोऱ्या अच्युतरावांच्या हातात होता. दिवसभर दाबून दाबून खांदे भरून आले, तेव्हा ते हळूच म्हणाले, “अगं, चहाबरोबर एखादी चकली मिळेल का?”

बाईंनी कढईवरची नजरही काढली नाही. “अर्ज द्या. विषयाखाली रेघ ओढून. आणि प्रतिलिपी अलकाताईंना.”

अच्युतरावांनी अर्ज दिला. मायना, विषय, तपशील, सगळं बिनचूक. तो फ्रिजच्या दारावर आजही लावलेला आहे. दिवाळी होऊन गेली, तुळशीचं लग्नही लागलं, पण उत्तर काही अजून आलेलं नाही.