कुमुदिनीबाईंनी आपली परीक्षा आपणच घेतली, ते वर्तमान

श्रीविद्यादेवी कळफलकी वास करो. लिहिणारास नाव नाही, ऐकणारांस घाई नसावी. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आषाढमासी ऐसे जाहले, की टंकलेखनखात्यातील कुमुदिनीबाई खरवंडीकर यांस तंत्रविद्यापीठाने पदव्युत्तर विद्येस योग्य म्हणोन पत्र धाडिले. बाईंचे वय सत्तेचाळीस, यजमान कैलासवासी, घरी आपण आणि संगणक, इतकाच लवाजमा. पत्रासवे तीस कलमांची यादी आली, की आपली संगणकविद्या आपणच तपासावी, कलमापुढे 'येते' अथवा 'येत नाही' लिहावे, आणि एक पान टंकून धाडावे; एक जरी 'येत नाही' निघाले तरी वर्षभर पायावर्गी बसावे, मग पदवीचे नाव घ्यावे. बाई हसल्या. बावीस वर्षे कचेरीत त्यांच्या बोटांचा दरारा ऐसा, की साहेबांचे वाक्य संपावे आणि छापील पान हाती यावे. मग बाईंनी तीसही कलमांपुढे 'येते' लिहिले, आणि पान टंकून रवाना केले, आणि कौतुक करावयास कोणी नव्हते म्हणोन आपली एक कपबशी विसळून ठेविली.

तिसरे दिवशी विद्यापीठाचे कारकून दिगंबर टेमघरे यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, यादी मिळाली, पण पान उघडलं तर नुसती चिन्हं. काही वाचता येत नाही." बाई म्हणाल्या, "असं कसं? माझ्यासमोर स्वच्छ दिसतंय." टेमघरे म्हणाले, "तुमच्याकडे दिसणारच. जुना फॉन्ट आहे तो. ज्याच्याकडे तो नाही, त्याला सगळा गिचमिड काला दिसतो. आधी घरच्या कोणाला पाठवून बघायचं ना!"

बाईंची लेक शाल्मली समुद्रापार असे. तीस चार वर्षे दर महिन्यास दोन पाने संगणकावरून याच जुन्या फॉन्टात जात होती, आणि त्यांत एकटीने घास उतरत नाही हे लिहिले होते, आणि एकदा येऊन जा हेही लिहिले होते, आणि दर वेळी उत्तर येई, "मिळालं गं आई. सगळं छान ना?" बाईंस वाटे, लेक कामाच्या रगाड्यात आहे. आता उमगले, की लेकीने एक अक्षर वाचिले नाही, आणि वाचता येत नाही ऐसेही कळविले नाही.

टेमघरे भले गृहस्थ, म्हणाले, "नवीन फॉन्टमध्ये परत पाठवा. यादी आहे तशी राहू द्या, मी काही बोलत नाही." बाई म्हणाल्या, "नको भाऊ. सत्ताविसावं कलम वाचा." त्यांनी वाचिले, की दुसऱ्यास वाचता येईल ऐसा मजकूर धाडिता येतो काय. "तिथं 'येत नाही' करा." "मॅडम, अख्खं वर्ष जाईल तुमचं." "जाऊ दे. चार गेलीच आहेत."

येणेप्रमाणे एकोणतीस 'येते' आणि एक 'येत नाही', ऐसा निकाल होऊन बाई पायावर्गी दाखल जाहल्या. त्या महिन्यास लेकीस पत्र गेले नाही. का आले नाही, ऐसे समुद्रापारहून कोणी पुसिले नाही.