जगूनानांचा सिलोनी शिष्य

जगूनानांकडे काही मागायला गेलात तर ते मिळायचं नाही. ते कसं करायचं, हे मात्र शिकायला मिळायचं. माझी बायको सुमती लग्न होऊन नंदाखालला आली तेव्हा तिला याची कल्पना नव्हती. पहिल्याच आठवड्यात ती विरजण मागायला शेजारी गेली आणि बराच वेळ झाला तरी परत येईना. मी बघायला गेलो, तर ही ओटीवर बसलेली आणि समोर नाना दुधाच्या वाटीत हिरव्या मिरच्यांचे देठ बुडवून विरजणावाचून दही कसं लावायचं ते समजावून सांगतायत.

"विरजण आहे की माझ्याकडे," मला बघून ते म्हणाले, "पण ते दिलं तर ही उद्या परत येणार. सूनबाई, वस्तू नाही मिळायची. वकूब मिळेल."

दही लागलं. मला ते किंचित तिखट लागलं, पण सुमती म्हणते तो माझा भास.

नानांचं खरं नाव जगन्नाथ. गाव त्यांना तोंडावर जगूनाना म्हणे आणि पाठ वळली की 'जगाचे नाना'. मुंबईला गोदीजवळच्या एका पेढीत त्यांनी उभं आयुष्य निर्यातीच्या खोक्यांवर पत्ते घालण्यात काढलं होतं. स्वतः कधी बोटीत पाय ठेवला नव्हता, पण रंगून आणि मोंबासाबद्दल ते असे बोलत, की ती गावं आगाशीच्या पलीकडेच असावीत. "रंगूनवाल्यांना बांधणी जमत नाही." "मोंबासाची माणसं चांगली, पण मालाला वारा लागू देत नाहीत." नोकरी संपवून ते वाडीत आले, केळी आणि पानवेली बघू लागले, तरी डोक्यातली गोदी काही गेली नाही.

देश स्वतंत्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आजूबाजूचे देशही एकेक करून मोकळे होत होते, आणि या सगळ्यांचा व्यापार कसा सुधारावा याची योजना नानांकडे तयार होती. ती ते न्हाव्याला सांगत, पोस्टमनला सांगत, देवळात पुजाऱ्याला सांगत.

"आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच. माल आहे, वकूब नाही. साहेब आपलाच माल न्यायचा आणि बांधून, शिक्का मारून आपल्यालाच विकायचा. आता ज्याला जे येतं त्याने ते दुसऱ्याला शिकवावं. मग दोघांनी मिळून तिसऱ्याशी घासाघीस करावी! पण शिकवण्याआधी काय करायचं?" इथे ते बोट वर करून थांबत आणि आपणच उत्तर देत, "विचारायचं. बाबा रे, तुला काय हवंय?"

गावात त्यांनी ही योजना कधीच अमलात आणली होती. गोखिवऱ्याचा एक गाडीवान दोर मागायला आला, तो काथ्या वळायला शिकून गेला. लेक कुसुम, तिला तर त्यांनी सायकलचं पंक्चर काढण्यापासून कोर्टाचा अर्ज लिहिण्यापर्यंत सगळं शिकवलं होतं. ती जबलपूरला नोकरी करत होती आणि तिला कशाचीच अडचण येत नसे. "काही म्हणून विचारावं लागत नाही तिला," नाना अभिमानाने सांगत. गाडीवानही पुन्हा आला नाही. त्याला दोर लागला की तो घरीच वळी. शिष्य तयार झाला की येईनासा व्हायचा. नानांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून नानांच्या घरात एका माणसाचा स्वयंपाक होई आणि दुपारी ओटीवर कोणी नसे.

मी आमच्या बागायतदारांच्या सोसायटीत कारकून होतो. एका थंडीत तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला, की नव्या देशांनी एकमेकांना हुन्नर शिकवावेत अशी एक योजना निघाली आहे, तिच्याखाली सिलोनचा एक तरुण काही महिन्यांसाठी वसईला 'सुकवण्याची पद्धत' शिकायला येतो आहे, तरी सोसायटीने त्याची सोय करावी. आता आमच्याकडे सुकवायचं म्हणजे काय, तर सुकेळी. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. कमिटीत गदारोळ झाला.

"म्हणजे आपण शिकवायचं," चेअरमन तात्या म्हणाले, "आणि उद्या मुंबईच्या बाजारात त्याचीच सुकेळी आपल्या उरावर?"

नाना कमिटीवर नव्हते, पण दारात उभे होतेच. "तात्या, तुमची सुकेळी मुंबईच्या पुढे चार मुक्काम टिकत नाहीत. आधी दोघं मिळून बांधणी सुधारा, मग भांडा. पोरगा माझ्याकडे राहील. खर्च माझा."

'खर्च माझा' हे ऐकल्यावर कमिटीचा विरोध बराच निवळला.

गुणपाल आला. पंचविशीच्या आतबाहेरचा, सावळा, हसरा पोरगा. नाना त्याला आणायला विरार स्टेशनवर धुतलेलं धोतर आणि काळा कोट घालून गेले. त्या दिवसापासून त्यांचं शिकवणं सुरू झालं, ते थांबेचना. पहिले काही दिवस त्याला केळ्याला हात लावू दिला नाही. नुसतं केळीखाली बसून बघायचं. मग पानं ओळखायची. मग घड कधी उतरवायचा ते. मग सोलणं, पण तेही इतक्या संथपणे, की मला वाटलं या गतीने सिलोनची पुढची पिढीच सुकेळी खाईल. सकाळी शिकवणं, जेवताना शिकवणं, पान खाताना मोंबासा. शेजारच्या घरातून इतका बोलण्याचा आवाज आम्ही काकू गेल्यापासून ऐकला नव्हता. गुणपाल नानांचं गोदीतलं इंग्रजी मान डोलावून ऐकत असे आणि मोडकंतोडकं मराठीही शिकत होता. ते नानांनी योजनेत नसताना वर घातलेलं होतं.

मला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याचं जरा कुतूहल असतं. सुमती त्याला वेगळा शब्द वापरते. त्या कुतूहलापोटी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की गुणपाल आल्यापासून नानांच्या घरी मासळी शिजत नव्हती. नाना म्हणजे मासळीशिवाय घास न गिळणारा माणूस! अर्नाळ्याची हिराबाई टोपली घेऊन आमच्या गल्लीत येई, ती पहिल्यांदा त्यांच्या दारी थांबे. आता नाना तिला लांबूनच हात हलवून वाटेला लावत. शिष्याला घेऊन आगाशीला जायचं झालं, तर मासळीबाजार टाळून वाड्यांमधून लांबचा वळसा घेत.

"नाना आताशी मावरं घेत नाय," हिराबाईने आमच्याकडे तक्रार केली. "कोनी काय बोललं काय त्यांना? का पाव्हना माळकरी हाय?"

मी म्हटलं, असेल बुवा, बुद्धाच्या देशातला आहे. पण ते मला पटलं नव्हतं.

एका दुपारी नाना तालुक्याला गेले होते, म्हणून सुमतीने गुणपालला आमच्याकडे जेवायला बोलावलं. सुके बोंबील तळले होते. ताट पुढे येताच पोरगा जेवायचा थांबला. एक बोंबील उचलून त्याने उजेडाकडे धरला, मोडून बघितला, वास घेतला. मग सुमतीला विचारत सुटला. हे कोण करतं? मिठात घालतात का? किती ऊन लागतं? पाऊस आला तर? सुमतीने अर्नाळ्याचं आणि हिराबाईचं नाव सांगितलं.

"एवढी चौकशी कशाला?" मी विचारलं.

"माझं काम," तो म्हणाला. "मी सरकारच्या मासे-खात्यात. आमच्याकडे समुद्र सगळीकडे, मासे खूप, पण सुके मासे बाहेरून घेतो. तुमच्याकडून पण घेतो. मला शिकून जायचं. मग माझ्या गावी किनाऱ्यावर वाळवण सुरू करणार, मी मुख्य. शिमग्यानंतर परत जायचं."

"मग केळी?"

"नाना म्हणाले, क्रमाने. आधी केळं, मग मासे." आणि तो पुन्हा ताटाकडे वळला.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. तालुक्याच्या कागदात 'सुकवण्याची पद्धत' एवढंच होतं. काय सुकवायचं ते कोणी लिहिलं नव्हतं. आमच्या तालुक्यात दोन गोष्टी सुकतात. कागद पाठवणारा घाटावरचा, बोंबलाच्या वाटेला न जाणारा कोणी असावा; त्याने सरळ आम्हा बागायतदारांकडे बोट दाखवलं. आणि सिलोनचा मासेवाला महिना झाला तरी केळी सोलत बसला होता. शिमगा फार लांब राहिला नव्हता. पोरगा सुकेळी शिकून घरी परतला असता, तर त्याचं वाळवण बुडालं असतं आणि नोकरीही.

नाना संध्याकाळी टांग्यातून उतरले, तसा मी त्यांना फाटकातच गाठलं.

"नाना, तो मासे शिकायला आलाय. घोटाळा झालाय सगळा!"

ते दचकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टांगेवाल्याला शांतपणे पैसे दिले, कोटाची बटणं काढली आणि ओटीवर बसले.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मासे कधी. मी म्हटलं, क्रमाने. त्यानंतर त्याने विचारलं नाही."

मला रागच आला. "आणि तुम्ही गप्प राहिलात? सगळ्या गावाला सांगत फिरता, आधी विचारा, आधी विचारा म्हणून!"

नानांनी आत स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून गुणपालचा आवाज येत होता. तो चुलीपाशी काहीतरी गुणगुणत होता.

"घरात जेवायला कोणीतरी होतं रे," ते म्हणाले. "मी काही बोललो की 'हो नाना' म्हणायचा. मला वाटलं, आठवडाभर ठेवू. मग सांगू. मग आणखी आठवडा." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "चोरीच ती. त्याच्या दिवसांची चोरी. उद्या सकाळी टांगा सांग. तूही चल. मला एकट्याला तोंड दाखवणं जमायचं नाही."

मला त्यांच्यावर आणखी रागवता आलं नाही. म्हाताऱ्याची इतकी दया आली, की घरी येऊन मी सुमतीला नीट सांगूही शकलो नाही.

सकाळी आम्ही तिघं अर्नाळ्याला गेलो. गुणपालची ट्रंक टांग्यात होती. किनाऱ्यावर बांबूंना दोर ताणले होते आणि त्यांवर दूरवर बोंबील लटकत होते. ते बघताच पोरगा टांगा थांबायच्या आत उतरला. हिराबाई वाळूत फतकल मारून बसली होती, पुढ्यात ताज्या बोंबलांचा ढीग.

"हिरा," नाना म्हणाले, "हा तुझा शिष्य. तुझ्याकडेच यायचा होता. मी मधेच धरून ठेवला." मग ते गुणपालकडे वळले, आणि त्यांनी हात जोडले. सगळ्या गावाला शिकवणाऱ्या माणसाने असे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. "मी तुझा महिना खाल्ला रे. चुकलं माझं. पण तू तरी पुन्हा का नाही विचारलंस?"

गुणपाल गोंधळला.

"नाना रोज दोन ताट मांडत," तो म्हणाला. "मी मासे विचारलं, तर एक ताट उचलावं लागलं असतं."

नानांनी समुद्राकडे तोंड केलं. मीही टांग्याच्या घोड्याकडे बघू लागलो.

हिराबाईला एवढा वेळ नव्हता. "ह्याला शिकवते मी, त्यात काय? दर्या काय माझ्या एकटीचा हाय?" ती म्हणाली. "पन ऊन चाललंय. नाना, तुमीपन उभं राहू नका नुसतं. बसा. दोन हात जास्त झालं तर मला बरंच हाय."

"मला येत नाही," नाना म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"येल. बसा."

नाना काळ्या कोटासकट वाळूत बसले. गुणपाल त्यांच्या शेजारी बसला. नानांनी एक बोंबील बोटांच्या चिमटीत धरला आणि दोरावर टाकला, तो घसरून खाली वाळूत पडला. पुन्हा टाकला, पुन्हा पडला.

"एकला नाय ऱ्हात तो दोरावर," हिराबाई म्हणाली. "दोन घ्या. ह्याचं तोंड त्याच्या तोंडात अडकवा. असं. आता टाका."

गुणपालने एक बोंबील पुढे केला, नानांनी दुसरा. दोघांनी मिळून ती तोंडं एकमेकांत अडकवली, जोडी दोरावर टाकली आणि हात काढून घेतले.

"ऱ्हायली," हिराबाई म्हणाली. "आता पुढची घ्या."