देवरेकाकांची बजावणी

देवरेकाकांना तुमच्याशी भांडायचं असेल तर ते भांडत नाहीत. तुमच्या दारावर कागद चिकटवतात. मैद्याची खळ स्वतः शिजवून वाटीत घेऊन येतात. बेल चालू असली तरी कडीच वाजवतात, तीनदा. तुमचं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारतात आणि तुम्ही दार उघडेपर्यंत कागद लावून मोकळे होतात. मग रिकाम्या जिन्याला सांगतात, "दर्शनी भागावर चिकटवून बजावणी केली." कागदाखाली दोन पंचांच्या सह्या असतात. त्यातली एक नेहमी माझी.

माझी, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आणि सेक्रेटरी, कारण मला कुणाला नाही म्हणता येत नाही. एकदा टाकीचं झाकण उघडं राहिलं म्हणून नोटीस माझ्याच नावाची निघाली. तिच्यावरही पंच म्हणून मीच सही केली.

काका नाशिकच्या कोर्टात तेहतीस वर्षं बेलीफ होते. समन्स घेऊन माणसं शोधत हिंडायचं, आधी सायकलवर, मग मोपेडवर. समन्स चुकवणारा माणूस कुठे लपतो याचं त्यांना शास्त्र माहीत आहे. "धान्याच्या कोठीत बसला होता एक. खोकला आवरेना त्याला. मी म्हटलं, सावकाश या बाहेर, मला घाई नाही." कोर्ट सुटून दहा वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं असतात. एक चाललं नाही तर.

त्यांची थट्टा करताना मला थोडं अपराधी वाटतं, कारण या शहरात माझ्यासाठी पहिली सही त्यांनी केली. नांदगावहून पदवी घेऊन मी इंदिरानगरात याच बिल्डिंगमध्ये आधी भाड्यानं खोली बघितली, तेव्हा पोलिसांच्या फॉर्मवर ओळखणारा स्थानिक माणूस हवा होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. ज्याच्या सहीला वजन आहे असं आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं. फॉर्म हातात घेऊन मी जिन्यात उभा होतो. काकांनी तो घेतला, नाव विचारलं, गाव विचारलं, दिवसभर हिंडून धुळकटलेल्या माझ्या पायांकडे बघितलं आणि लिहिलं, 'मी यांना ओळखतो.'

मी म्हणालो, "काका, आपण आत्ताच भेटलो."

"मग ओळख झाली ना? खोटं काय लिहिलं?"

तर यंदा आमच्या सोसायटीनं गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं. कल्पना चेअरमन भामरेसाहेबांची. ते अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि तिथली हजेरी अशाच यंत्रावर लागते. सोबत मोबाइलवर अ‍ॅप. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो, ती कुठल्या कुठल्या घरी जाते, आत कधी आली, बाहेर कधी पडली, सगळं सगळ्यांना दिसणार. वर तिच्या कामाला चांदण्याही द्यायच्या, पाचपैकी.

काकांनी पहिली नोटीस थेट यंत्रावरच चिकटवली. दुसऱ्या दिवशी भर मे महिन्यात माकडटोपी घालून ते यंत्रासमोर उभे राहिले. यंत्रानं विचार केला, हिरवा दिवा लावला आणि 'भामरे आजी, तिसरा मजला' म्हणून त्यांना आत सोडलं.

"हरकत नोंदवून घे, सेक्रेटरी!" काका ओरडले. "मला चेअरमनची आई ठरवलंय!"

भामरेसाहेबांच्या आई आठवडाभर काकांशी बोलत नव्हत्या.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पण यमुनाताईंनी फोटो द्यायला नकार दिला. यमुनाताई पेठ तालुक्याकडच्या. आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरची धुणीभांडी करतात. काकांकडे मात्र नाही, काका आपली भांडी आपणच घासतात.

"काम हाय ते करते मी. चेहरा कशाला पाहिजे यंत्राला?" एवढंच त्या म्हणाल्या. एक तारखेपासून चेहरा नाही तर प्रवेश नाही, असं ठरलं होतं. म्हणजे चारही घरं एकदम सुटणार.

शेवटी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा घेतली.

भामरेसाहेब म्हणाले, "साधी गोष्ट आहे. लपवण्यासारखं काही नसेल, तर घाबरायचं कशाला?"

"हरकत," मागून आवाज आला. "भामरे, तुमच्या बाथरूमला कडी आहे?"

"आहे की."

"आत काय लपवता?"

सभा पाच मिनिटं थांबवावी लागली. भामरेसाहेब लाल झाले. "देवरे, हा सिक्युरिटीचा विषय आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी. यंत्र यायच्या आधी काय करायचो आपण? घरातलं कुणीतरी सांगायचं, ही आमच्या ओळखीची, सोडा आत. तेवढी एक वाट ठेवा."

"ठीक आहे!" भामरेसाहेब वैतागून म्हणाले. "ज्याला चेहरा द्यायचा नाही, त्याच्यासाठी एका सभासदानं गेटवर यायचं. स्वतः. रोज सकाळी साडेसहाला. वहीत सही करायची. आहे तयारी कुणाची?"

त्यांना वाटलं, विषय मिटला. काकांनी खिशातून पेन काढलं. ठराव मंजूर झाल्यावर पहिली टाळी भामरेवहिनींनी वाजवली. चार घरांपैकी एक त्यांचं होतं.

तेव्हापासून काका रोज चौथ्या मजल्यावरून खाली येतात. गुडघा दुखतो, लिफ्ट निम्मे दिवस बंद. तरी सहा पंचविसाला इस्त्रीचा शर्ट घालून, वही उघडून गेटवर उभे.

"नाव?"

"यमुना. कालचीच, काका."

"कालचं काल. आजचं आज." आणि वेळ टाकून लिहितात, 'समक्ष ओळख पटली.'

एकदा मी त्यांना जिना चढायला हात दिला. दुसऱ्या मजल्यावर ते टेकले. मी विचारलं, "काका, फोटो का नको, ते यमुनाताईंनी सांगितलं का तुम्हाला?"

"मी विचारलं नाही."

"मग एवढं कशासाठी?"

ते गुडघा चोळत राहिले. "समन्स घेऊन गेलं, तर हीच ती व्यक्ती हे बेलीफला कसं कळणार? म्हणून केस टाकणारा बरोबर येतो, ओळख पटवायला. एका नवऱ्यानं केस टाकली होती, बायकोनं नांदायला यावं म्हणून. बाई नाव बदलून पंचवटीत एका खोलीत राहत होती. कुणाला सापडत नव्हती. मला तिसऱ्या दिवशी सापडली. मी कडी वाजवली. तिनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलंच नाही तिनं. माझ्या खांद्यामागं बघितलं. तिथं तो उभा होता."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

"सही केली तिनं, नीट. पुढचा कागद घेऊन गेलो तर खोली रिकामी. शेजारी म्हणाले, दुसऱ्याच दिवशी येऊन घेऊन गेला. कुठं, ते कुणाला माहीत नाही. नंतर मी आपल्या वेळेत बरंच विचारत फिरलो. तेहतीस वर्षांत मला न सापडलेली ती एकच." ते कठड्याला धरून उठले. "बजावणी कायदेशीर होती बरं का. एकही हरकत आली नाही."

उरलेले दोन मजले आम्ही एकेक पायरी करत चढलो.

गेल्या आठवड्यात काकांना ताप भरला. सहाला मला फोन आला. "सेक्रेटरी, खाली जा." मी धावतच गेलो. यमुनाताई गेटबाहेर उभ्या होत्या. माझ्यामागं कुणी येतंय का ते बघत होत्या.

"काका कुठं?"

"ताप आहे त्यांना. आज मी आलोय."

वही उघडली, आणि वरून आवाज आला. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, शाल पांघरून, तीच माकडटोपी घालून काका वाकून बघत होते.

"सेक्रेटरी! नाव विचारलं का?"

"काका, मी ओळखतो यांना!"

"मग तसं लिही!"

मी लिहिलं, 'मी यांना ओळखतो.' खाली सही केली आणि वेळ टाकली. यमुनाताईंनी वर बघितलं, मग माझ्या हातातल्या वहीकडे.

"दुपारी काम आटपलं की नागलीची पेज करून देते त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "भांडीबी घासून येते. ते मातर कुठं लिहू नका."

मी वही मिटली.