चौसष्ट जणांचं एकच उत्तर

सरांचा हिशेब सरळ होता. विद्यार्थी चौसष्ट, दर महिन्याला प्रत्येकाचा एक प्रोग्राम, तपासायला दोन रविवार. चार महिन्यांच्या सत्रात आठ रविवार. नवं टूल बसवलं की प्रश्न वाटणार ते, उत्तरं गोळा करणार ते, मार्कही देणार ते. आठही रविवार घरात! बायकोने त्यातला पहिला आपल्या बहिणीला जेवायला येतो म्हणून सांगूनही टाकला.

"अहो, पण ह्याला बटणं कुठायत?" ती कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यात डोकावत म्हणाली.

"बटणं लेच्यापेच्यांना लागतात. इथे हुकूम सोडायचा."

"सोडा. घरात कुणी ऐकत नाही, तिथे तरी ऐकू दे."

सरांनी सेटिंगची फाईल भरली: विद्यार्थ्यांची यादी, मुदत आणि शेवटी, मुलांना कोणतं फोल्डर द्यायचं ते. सरांकडे दोन होती, 'अंतिम' आणि 'अंतिम नक्की'. एकात नुसता प्रश्न, दुसऱ्यात सरांनी स्वतः सोडवलेलं उत्तर. कशात काय, हे उघडून बघण्याइतका वेळ हुकूम सोडणाऱ्याला कुठला? त्यांनी 'अंतिम नक्की' लिहिलं. टूलने तीनदा विचारलं, खात्री आहे? वीस वर्षं हजेरीपटावर न बघता सही ठोकणाऱ्या हाताने तीनदा 'हो' दाबलं.

चौसष्ट जणांना उत्तर घरपोच मिळालं. आठवडाभर एकही शंका आली नाही. आपलं शिकवणं अखेर मुरलं, असं सरांना वाटलं.

मुदत संपली आणि विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. टूल ज्यांवर प्रोग्राम तपासून मार्क देतं, त्या चाचण्या त्यांनी लिहिल्या होत्या.

"सर, सगळ्यांना वीसपैकी नऊ. अक्षर न अक्षर सारखं."

"कॉपी! मूळ चोर कोण, छडा लावतो. गय करायची नाही, बाई!"

"छडा टूलनेच लावलाय. कुठली ओळ कुणी लिहिली, ते नोंदवून ठेवतं ते." बाईंनी पडदा वळवला. चौसष्ट वेळा सरांचंच नाव.

सरांनी दाराशी उभ्या असलेल्या वर्गप्रतिनिधीला गाठलं. "उत्तर आलं, तर सांगायचं नाही होय गं?"

"नमुना वाटला, सर."

"मग जसंच्या तसं परत का पाठवलंत?"

"तुमच्या लिखाणात आम्ही काय सुधारणा करणार, सर?"

सर बाईंकडे वळले. "पण नऊच कसे? चाचण्या चुकल्या असतील."

"चाचणीत रिकामी यादी दिली की तुमचा प्रोग्राम कोसळतो, सर."

मग बाईंनी निकाल सुनावला. फेरपरीक्षा, कागदावर, पेनाने. सत्र संपेपर्यंत दर महिन्याचा प्रोग्रामही तसाच, तपासायचा सरांनीच. आणि पहिल्या पेपराला सरांनीही बसायचं, मागच्या बाकावर.

मुलांचा एक तास गेला. टूलचं काहीच गेलं नाही. बायको बहिणीकडे एकटी जाऊन पोटभर जेवून आली, तेव्हा सर चौसष्ट उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याआड दिसतही नव्हते. पासष्टावी बाईंनी तपासली होती: वीसपैकी अकरा.

म्हणजे आठ रविवार घालवून सरांनी दोन मार्क कमावले.