उस्तादांची वास-परीक्षा

"डॉक्टरला काय विचारायचं? माझं नाक सांगतं ना," असं उस्ताद छातीठोकपणे म्हणायचे. उस्ताद म्हणजे चौकातले न्हावी. साथीच्या पहिल्या लाटेत त्यांना वास येणं असं बंद झालं होतं की करपलेलं दूध ते चवीचवीने प्यायले. तेव्हापासून ते दारातच प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकाखाली लोशनची बाटली धरायचे. वास आला की खुर्चीत, नाही आला की घरी.

त्या दिवशी त्यांचा स्वतःचा घसा सोलवटला होता आणि नाक गळत होतं.

"अहो, आज दुकान बंद ठेवा," बायको म्हणाली.

"अगं, लोशन कसं घमघमतंय. तो आजार असता तर नाक कधीच बंद पडलं असतं."

दुकान उघडतात तोच त्यांचे शाळेतले गुरुजी आले. "गाल गुळगुळीत कर रे. परवा लेक येतेय. नात पहिल्यांदा मांडीवर बसणार, तिला टोचायला नको."

उस्तादांनी जीव ओतून दाढी केली. मध्ये गुरुजींच्या तोंडावरच शिंकले, टॉवेलने पुसून घेतलं आणि पुढे गप्पा सुरू.

संध्याकाळी अंगात हुडहुडी भरली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी तपासणी केली. आजार तोच निघाला.

"पण वास येतोय हो मला!"

"विषाणू बदलला, तशी लक्षणंही बदलली. आता बऱ्याच जणांचा वास जात नाही. घसा धरतो, नाक गळतं."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

उस्तादांनी लगेच गुरुजींना फोन लावला.

"बरं झालं फोन केलास," गुरुजी खुशीत होते. "घसा जरा खवखवतोय, पण तुझ्या पद्धतीने लोशन हुंगून पाहिलं. वास येतोय. लेकीला आणायलाच निघालोय."

"गुरुजी, पाऊल बाहेर टाकू नका," उस्ताद म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. "मग लेकीला दुसरीकडे उतरायला सांगतो," एवढं बोलून गुरुजींनी फोन ठेवला. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुजी आजारातून उठायच्या आत लेकीची रजा संपली. जाताना तिने बंद खिडकीच्या काचेपलीकडूनच बाळ दाखवलं.

दोघंही बरे झाल्यावर उस्ताद वस्तरा घेऊन, मान खाली घालून गुरुजींच्या दारात उभे राहिले. "माफ करा गुरुजी. निदान दाढी तरी करून देतो."

"माफ केलं रे," गुरुजी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवत म्हणाले. "पण ही राहू दे. नातीने मला असंच पाहिलंय. पुढच्या वेळी ओळखायला नको का?"