दिगूच्या पोरांचा गूळ

आमच्या दिगूला कुणीही विचारावं, "काय रे, पाव्हणे येतात की नाय तुझ्याकडे?" गडी छाती काढून सांगणार, "पाव्हण्यांक काय तोटो? सगळो गाव माझ्याकडे येता!"

आणि ते खोटं नाही. गावाच्या सांडपाण्याच्या प्लांटवर तो ऑपरेटर आहे. आमच्या मोऱ्यांचं, संडासांचं, हॉटेलांचं पाणी पायपातून त्याच्याकडेच जातं. बरं, गप्प तरी बसावं! पण लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला हा म्हणणार, "काल तुमच्याकडे बांगडे तळले मां? तवंग इलो." मग दिगूच्या शेजारचं पान रिकामं राहतं. त्याची बायको वारल्यापासून तो खाडीकाठी प्लांटवरच्याच खोलीत राहतो. मूलबाळ नाही.

टाकीत घाण खाऊन पाणी साफ करणारे जंतू असतात. दिगू त्यांना 'पोरां' म्हणतो. पावसाळ्यात पर्यटक नसले, हॉटेलं बंद झाली की त्यांना खायला कमी पडतं. मग हा माझ्या दुकानात हजर. "बाबल्या, गूळ दी रे. पोरां उपाशी आसत."

यंदा माझी सून सायली गल्ल्यावर बसायला लागली. पोरगी घाटावरची. पहिल्याच दिवशी दिगू आला. "पोरांक गूळ होयो गो."

"किती मुलं आहेत हो काका?"

"मोजूक गावणत नाय!"

"अगंबाई!" म्हणत तिने पुडीत मूठभर लिंबाच्या गोळ्या टाकल्या. मी आत पोत्याआड हसून हसून बेजार. दिगू मात्र हसला नाही. गोळ्या खिशात घालून गुमान गेला.

त्यानंतर स्वारी रोज यायला लागली. काड्यापेटीचं निमित्त करून, आणि तेही इस्त्रीचा शर्ट घालून! सायली विचारायची, "पोरं कशी आहेत?" हा खुलून सांगायचा, "आज बरी खाल्ल्यानी. काल जरा मलूल होती."

शेवटी मी त्याला बाजूला घेतला. "मेल्या, सांगून टाक तिला. शोभतं का हे या वयात?"

त्याने माझा हात धरला. "सांगा नको रे, बाबल्या. पोरां कशी आसत, असां माका कोणी कधी विचारूक नाय."

माझं हसणंच आटलं.

पण आमची सून कसली गप्प बसते! चतुर्थीला तिने करंज्या केल्या आणि डबा भरून म्हणाली, "काका, पोरांना मी माझ्या हाताने देणार. उद्या येते."

दिगूचा चेहरा पार उतरला. "नको गो. थंय वास येता."

"पोरं राहतात ना तिथे? मग मला काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन निघाली. मीही मागोमाग गेलो, मला राहवेना. दिगू फाटकात उभा होता, नवा शर्ट घालून, आरोपीसारखा. नाकाला ओढणी लावलेल्या सायलीला तो टाकीच्या कठड्याशी घेऊन गेला. आत मातकट पाणी बुडबुडत होतं.

"हीच माझी पोरां," तो खाली बघत म्हणाला. "दुसरी नाय. फसवलंय गो तुका."

मी फाटकातच थांबलो. आता ही हसते की चिडते, कळेना.

सायलीने कठड्यावरून वाकून टाकीत बघितलं. मग तिने नाकावरची ओढणी काढली.

"जेवली का?" तिने विचारलं.

दिगूने मान डोलावली.

"मग आता तुम्ही बसा बघू," म्हणत ती डबा उघडायला लागली.

दिगू धावत खोलीत गेला आणि खुर्ची घेऊन आला. एकच होती. नव्या शर्टाच्या बाहीने ती पुसून त्याने तिच्यापुढे ठेवली.

"तू बस गो आधी," तो म्हणाला. "सगळो गाव माझ्याकडे येता, पण पायांनी इलेली तूच पयली."