टॉफीची टाच

कांगारूचं पिल्लू सांभाळायला अक्कल लागत नाही, माया लागते, असं मी आमच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात, छातीठोकपणे सांगितलं होतं. ऐकायला वीस माणसं होती. त्यातलं एकही ते अजून विसरलेलं नाही.

खरी सांभाळणारी माझी बायको, नोरीन. गाडीखाली मेलेल्या कांगारूणीच्या पोटच्या पिशवीतून जिवंत पिल्लू काढायचं, बाटलीनं दूध पाजून वाढवायचं आणि मोठं झालं की माळावरच्या कळपात सोडायचं, हे ती वीस वर्षं करतेय. या खेपेला तिच्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि ती दोन महिन्यांसाठी ॲडलेडला गेली. जाताना टॉफी नावाची आठ महिन्यांची पोर माझ्या गळ्यात मारून गेली. गळ्यात म्हणजे खरोखर गळ्यात. अशा पोरांना आम्ही लोकरीच्या पिशवीत ठेवतो, आणि ती पिशवी मी गळ्यातच अडकवली.

फ्रिजवर चुंबकानं सूचनांची यादीही लावून गेली होती. दूध किती, कोमट किती, बाटली कशी उकळायची. तिसऱ्या ओळीखालचा मजकूर क्लबाच्या सामन्यांच्या वेळापत्रकानं झाकला गेला. घरात चुंबक एकच होता, आणि वेळापत्रक लावणारा मीच.

टॉफीचा पाय मी जमिनीला लागू दिला नाही. क्रिकेट बघायचं तर आम्ही दोघं सोफ्यावर. पोस्टात जायचं तर पिशवीतून. न्हाव्याकडे गेलो तर तो म्हणाला, "कितवा महिना, मर्व्ह?" मला त्याचं काही वाटलं नाही. निवृत्त झाल्यापासून इतकं जवळ माझ्या कुणी बसलेलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी क्लबात शेजारचा आयव्हर पिशवीत डोकावला. "काय रे, कांगारू आहे की कोबीचा गड्डा? उडी तरी मारतो का?"

"तुझ्यापेक्षा उंच मारेल," मी म्हणालो, आणि टॉफीला हिरवळीवर सोडलं.

ती थरथरत उभी राहिली. तेवढ्यात पलीकडे चेंडूवर चेंडू आपटला. टॉफी दचकली आणि तिनं आयुष्यातली पहिली खरी उडी मारली. दुसरी मारली. तिसरी हिरवळीभोवतीच्या चरात पडली, आणि तिथून ती उठलीच नाही.

आमच्या जनावरांच्या डॉक्टर ब्रॉनविन. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "टाचेचं हाड मोडलंय. प्रत्येक उडीचा सगळा ताण याच हाडावर येतो. किती दिवस हिंडली नव्हती?"

"मी फार जपलं हो तिला."

"तेच विचारतेय. उड्या मारूनच हाड घट्ट होतं. पिशवीतून मिरवून नाही."

धातूची पट्टी बसवली, वर प्लॅस्टर घातलं. सहा आठवडे लहानशा खोपट्यात ठेवायचं. उडी नाही, गडबड नाही, कारण कांगारूनं धास्ती घेतली तर तेवढ्यानंही जीव जातो.

"आणि हाड नाहीच जुळलं तर?" मी विचारलं.

"उड्या मारता न येणारा कांगारू माळावर टिकत नाही, मर्व्ह. मग मला तिला कायमचं झोपवणारी सुई द्यावी लागेल."

मी गाडीत बसून रडलो. सोबत आलेला आयव्हर बाजूला बसून खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी नोरीनचा फोन आला.

"टॉफी कशी आहे?"

"शांत आहे."

"आणि तू?"

"मीही शांत."

ती मग म्हणाली, "पेंढा जाड घाल. खाली घसरणारं काही नको."

मी टाचेबद्दल किंवा खोपट्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी दवाखान्यात पोचायच्या आधीच क्लबातल्या चौघींनी तिला फोन केले होते. मग मी सगळं सांगितलं, वेळापत्रकासकट. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

"माझं पहिलं पिल्लू मी असंच जपलं होतं," ती म्हणाली. "त्याची टाच जुळली नाही. म्हणून तर ती चौथी ओळ लिहिते."

मी वेळापत्रक काढलं. चौथी ओळ होती: सकाळ-संध्याकाळ बाहेर काढून मोकळं सोडणे. खाली दोनदा रेघ मारलेली.

सहा आठवडे मी खोपट्याबाहेर स्टूल टाकून बसलो. क्रिकेट रेडिओवर, आवाज बारीक. प्लॅस्टर निघालं तोवर नोरीन परतली होती. पण टॉफी जागची हलेना. पिल्लू आईच्या मागे उड्या मारतं, आणि तिची आई म्हणजे मी. तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी रोज सकाळी मी माळावर थोडा पळायचो, थोडा उड्या मारायचो. कुंपणावर आयव्हर चहाचा कप घेऊन हजर असायचा. पहिल्या दिवशी टॉफी दोन पावलं आली. महिन्याभरात मीच तिच्या मागे धापा टाकत होतो.

शेवटच्या एक्स-रेत हाड एकजीव दिसलं. "उत्तम जुळलंय," ब्रॉनविन म्हणाल्या. "तुमचे गुडघे कसे आहेत?"

पुढच्या हिवाळ्यात टॉफी कळपात गेली. मागे वळून बघितलं नाही. तसंच हवं असतं, असं नोरीन म्हणते. मला आवडलं नाही, पण बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात नोरीनच्या बहिणीच्या दुसऱ्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. या वेळी घरात पिल्लू नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. नोरीन यादी मात्र करून गेलीय, आणि तीही आयव्हरच्या फ्रिजवर लावून. मी जाऊन वाचली. मर्व्ह: जेवण दोनदा, गरम करून. सोफ्यावर फार वेळ दिसल्यास उठवणे. सकाळ-संध्याकाळ बाहेर काढून मोकळा सोडणे.

चारही कोपऱ्यांना चुंबक आहेत.